परसांतील कोंबडी, घरचें मांजर आणि आपल्या संघाचें कर्तव्य

आपल्या मासिकाच्या पानांवर कापसावरील गुलाबी बोंडअळी, केळीवरील करपा, ठिबकाच्या नळ्या व बाजारभाव या विषयांचा ऊहापोह वारंवार होत असतो, आणि तो होणें योग्यच आहे. परंतु ज्या घरीं हें मासिक वाचलें जातें त्याच घराच्या मागल्या दारीं फाल्गुन-चैत्रांत जें चाललेलें असतें, त्याविषयीं चार ओळी लिहिण्याचें सहसा कोणी मनावर घेत नाहीं. परसांत आठदहा कोंबड्या, शेवग्याचें एखादें झाड, वांग्या-मिरचीचे दोन वाफे, मोरीच्या पाण्यावर वाढलेली पपई, कुंपणावर चढलेला गिलक्याचा वेल, आणि या सर्वांवर आपलीच मालकी आहे अशा थाटांत भिंतीवर बसलेलें मांजर, हा प्रपंच आपल्याकडे गांवोगांव आहे. तो घरधनिणीच्या हातचा असल्यामुळें कर्त्या पुरुषास त्याचा हिशेब ठाऊक नसतो, आणि हिशेब ठाऊक नसल्यामुळें त्याची किंमतहि कळत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें; तेव्हां ज्या वस्तूची नोंद कोठेंच नाहीं तिच्याकडे आधीं लक्ष जाण्याची खोड त्यास जडली आहे, तिची वाचकांनीं क्षमा करावी.

सर्वांच्याच घरीं कोंबड्या असतात असें नाहीं. खानदेशांत माळकरी व शाकाहारी कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या अंगणांत कोंबडी दृष्टीस पडत नाहीं. पण अशांच्याहि मळ्यांत सालदाराच्या झोपडीभोंवतीं कोंबड्या चरत असतात. आणि मांजर तर टाळकरी व मटणकरी असा भेद न करतां दोन्ही घरीं दूध पितें. म्हणून हा विषय आपला नव्हे असें म्हणून कोणीं पान उलटूं नये.

सातपुड्याच्या पायथ्याशीं पळस फुलला, दादर व हरभरा खळ्यावरून घरांत आला, म्हणजे या प्रपंचाचे भरभराटीचे दिवस सुरू होतात. खळ्यावर सांडलेले दाणे, मळणीच्या कोंड्यांतील किडे, भाजीच्या जुन्या वाफ्यांतील अळ्या यांवर कोंबडी फुकट पोसली जाते, अंडीं देते, आणि मग एके दिवशीं खुडूक होऊन कोनाड्यांत बसते. त्याच दिवसांत मांजरी कापसाच्या ढिगांत वितात, कारण भाव चढेल या आशेवर कापूस घरांत राहिलेला असतो. (भाव चढो वा न चढो, मांजरीचें बाळंतपण मात्र निर्वेध पार पडतें.) धाब्यावर आणि ओट्यावर बिबडे, कुरडया, शेवया व पापड वाळत पडतात, तेव्हां एका पोराच्या हातीं काठी देऊन त्यास वर बसविलें जातें, कारण एका बाजूनें कोंबडी टोंचा मारते आणि दुसऱ्या बाजूनें मांजर पाय देऊन जातें. आखाजीला लेकी माहेरीं येईपर्यंत घरोघर हें असेंच चालतें.

आतां हिशेबाकडे वळूं. सातबाऱ्यावर पीकपाहणी आहे, आठ-अ वर खातें आहे. विहिरीची व फळझाडांचीहि नोंद होते. कोंबडीची नोंद पांच वर्षांच्या पशुगणनेखेरीज कोठें होत नाहीं. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशांतील कोंबड्या आदिकरून पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर भरली. त्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लक्ष परसांतील होते, आणि मागील गणनेच्या मानानें त्यांत ४६ टक्क्यांच्या आसपास वाढ झाली होती. याच काळांत कारखानी पद्धतीनें पाळलेल्या पक्ष्यांची वाढ ५ टक्केहि नव्हती. शिकलेल्या मंडळींत परसांतील कोंबडी लवकरच नामशेष होणार असें जें म्हणण्याची चाल आहे, तिला या आंकड्यांत आधार सांपडत नाहीं. गावठी कोंबडी वर्षास पन्नाससाठच अंडीं देते. सुधारलेल्या गिरिराज, वनराज जाती याहून दुपटीतिपटीनें देतात. परंतु गावठीस विकतचें खाद्य लागत नाहीं, ती स्वतः अंडीं उबवून पिलें काढते, आणि घार वा मुंगूस दिसतांच पिलांस पंखाखालीं घेते. या अंड्यांच्या पैशांतून पोरांच्या वह्या, एस. टी. चें भाडें, आखाजीला आलेल्या लेकीच्या बांगड्या असा जो खर्च निघतो, तो धन्याच्या वहींत कधीं मांडलेला नसतो. कापसाचा पैसा सावकार, सोसायटी व दुकानदार यांच्या हातांत जातो. अंड्याचा पैसा चुलीजवळच्या डब्यांत राहतो. म्हणून हे पक्षी एका रात्रींत मेले, तर घरांतील ज्या माणसाची खरी हानि होते त्याच्या नांवावर एक गुंठाहि नसतो.

ही गोष्ट केवळ कल्पनेंतील नाहीं. सन २००६ च्या फेब्रुवारींत, थंडी सरतां सरतां, नवापुरास कोंबड्या मोठ्या संख्येनें मरूं लागल्या. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यांत आहे. १९९८ च्या जुलईंत तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तें धुळ्याचेंच होतें, आणि आमच्या पिढीच्या कारकुनाच्या लेखीं तें अद्याप धुळ्याचेंच. तेथें कोंबड्यांचे मोठमोठे कारखाने होते. हा नेहमींचा राणीखेत असावा अशी प्रथम समजूत झाली. भोपाळच्या प्रयोगशाळेंत नमुने गेले आणि १८ फेब्रुवारी रोजीं जाहीर झालें कीं हा बर्डफ्लू, म्हणजे एच-५-एन-१ जातीचा विषाणु, असून भारतांतील पक्ष्यांत तो प्रथमच सांपडला आहे. पुढें मार्चांत, होळीच्या सुमारास, जळगांव जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांत तोच रोग निघाला. आणि तेथें तो कारखान्यांत नव्हे, परसांतील कोंबड्यांत निघाला. पलीकडे गुजरातेंत उच्छल आणि मध्यप्रदेशांत बऱ्हाणपूर येथेंहि तो पोहोंचला. त्या एका मोसमांत एकंदर दहा लक्षांहून अधिक पक्षी मारण्यांत आले आणि सुमारें पावणेतीन कोटी रुपये भरपाई वांटली गेली. भागाकार वाचकांनींच करून पाहावा: पक्ष्यामागें सव्वीस रुपयांच्या आसपास पडतात. सन २०२१ च्या फेब्रुवारींत नवापुरास तोच प्रसंग पुन्हां आला. त्या वर्षीं राज्यांत भरपाईचा दर मोठ्या अंडीं देणाऱ्या कोंबडीस ९० रुपये व अंड्यास ३ रुपये असा होता. गावठी कोंबडी बाजारांत काय दरानें जाते हें सर्वांस ठाऊक आहे.

दर कमी आहे ही तक्रार आहेच. परंतु लेखकास तिच्याहून मोठी वाटणारी गोष्ट निराळी आहे. भरपाई मिळते ती सरकारी पथकानें मारलेल्या पक्ष्यांची. जे पक्षी पथक येण्यापूर्वीं रोगानें मेले, त्यांचें कांहीं मिळत नाहीं. आतां एखाद्या बाईच्या दहा कोंबड्यांपैकीं चार सकाळीं मरून पडल्या आहेत असें समजा. तिनें खबर दिली तर मेलेल्या चारांचे पैसे नाहींत, उरलेल्या सहा सरकार मारणार, आणि शेजारणींच्याहि मारणार. त्या शेजारणी तिला जन्मभर बोल लावणार. खबर दिली नाहीं, आणि उरलेल्या सहा त्याच संध्याकाळीं आठवड्याच्या बाजारांत नेऊन विकल्या, तर रोख पैसे हातांत. ती लबाड आहे म्हणून लपविते असें नव्हे. व्यवस्थाच तिला लपविण्याचा मार्ग दाखविते. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांसंबंधीं २००९ चा जो केंद्रीय कायदा आहे त्यान्वयें असा रोग दिसतांच ग्रामाधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळविणें मालकावर बंधनकारक आहे. कायदा योग्य आहे. पण ज्या कर्तव्यापासून तोटाच होतो तें कागदावर कितीहि ठळक अक्षरांत छापलें तरी खेड्यांत पाळलें जात नाहीं, हें महसुलांत तीस वर्षें पंचनामे लिहिलेल्या माणसास कोणीं शिकवावयास नको. एकदां एका वृद्ध बाईस पक्ष्यांच्या मरणाविषयीं विचारलें, तेव्हां ती आपल्या अहिराणींत म्हणाली, "भाऊसाहेब, कोंबडी मरी गई, तिना काय पंचनामा?" तिच्या त्या प्रश्नास त्या वेळीं कोणत्याहि नमुन्यांत रकाना नव्हता.

यावर आमची सूचना अशी कीं हें काम सरकारची वाट न पाहतां आपल्या संघानें अंगावर घ्यावें. सभासदांच्या घरांत व त्यांच्या सालदारांकडे जेवढे पक्षी असतील तेवढ्यांमागें वर्षास एक रुपया प्रमाणें निधि जमवावा. आणि अकस्मात् मरणाची पहिली खबर जो देईल त्यास त्याच्या मेलेल्या पक्ष्यांची ठराविक रक्कम या निधींतून द्यावी. रोग कोणता निघतो याची अट नसावी. खबर वेळेवर आली एवढेंच पाहावें. यांत लबाडी होईल असा आक्षेप लागलीच निघेल. तीच मेलेली कोंबडी चार घरीं फिरेल हें खरें. तेव्हां पशुवैद्यांनीं नमुने घेतल्यावर दोन पंचांसमक्ष खोल खड्ड्यांत चुना टाकून ती पुरावी आणि मगच नोंद करावी. पुरलेली कोंबडी दुसऱ्या घरीं जात नाहीं. सोसायटीच्या कर्जवसुलींत जेवढी लबाडी आपण नित्य पाहतों, तिच्या शतांशानेंहि ती येथें होणार नाहीं.

बर्डफ्लू हा दहापंधरा वर्षांनीं येणारा पाहुणा आहे. राणीखेत मात्र घरचाच. त्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, कारण त्या रोगांत पक्ष्याची मान वांकडी होते. कुमाऊंतील राणीखेत या ठिकाणीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तो प्रथम ओळखला गेला म्हणून त्यास तें नांव पडलें. इंग्लंडांत त्याच सुमारास तो न्यूकॅसल येथें दिसला, म्हणून तिकडे त्याचें नांव त्या गांवावरून आहे. हिरवट हगवण, झांपड, धाप, आणि आठवड्याभरांत खुराडें ओस. डोळ्यांनीं पाहून मानमोडी कोणती व बर्डफ्लू कोणता हें पशुवैद्यासहि खात्रीनें सांगतां येत नाहीं. नवापुरास सुरुवातीस जो घोटाळा झाला तो यामुळेंच. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. बर्डफ्लूच्या उग्र जातीविषयीं सरकारचें धोरण लस टोंचण्याचें नसून बाधित भागांतील पक्षी नष्ट करण्याचें आहे. मानमोडीवर मात्र उत्तम व स्वस्त लस आहे, आणि ती आपल्या राज्यांतच पुण्यास औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेंत तयार होते. ही संस्था १९४७ पासून चालत आहे. असें असतां गांवोगांव उन्हाळ्याच्या तोंडाशीं कोंबड्या मानमोडीनें कां मराव्या?

याचें कारण अज्ञान हें नव्हे. कुपीचें माप हें आहे. लशीची कुपी शंभर वा त्याहून अधिक पक्ष्यांची येते. ती फोडून द्रावांत कालविली कीं तासादोन तासांत संपविली पाहिजे. उरलेली दुसऱ्या दिवशीं निरुपयोगी होते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभरांची कुपी कशाला आणील? तालुक्याच्या दवाखान्यांतून ती बर्फांत घालून आणावी लागते, कारण चैत्राच्या उन्हांत पिशवींतून आणलेली लस घरीं येईपर्यंत नुसतें पाणी होऊन जाते. एकट्या घरास हें जमण्यासारखें नाहीं. एका गल्लीस सहज जमतें. जें एकट्यास होत नाहीं तें दहाजणांनीं मिळून करण्यासाठींच संघ असतो ना? बियाणें व खत आपण एकत्र आणतों. लशीची कुपी एकत्र आणण्यास कोणती अडचण आहे? एका पक्ष्यामागें लशीचा खर्च एका गावठी अंड्याच्या किंमतीपेक्षां कमीच पडतो.

म्हणून प्रत्येक शाखेनें होळीपूर्वींचा एक दिवस लशीचा ठरवावा. वेळ पहांटेची घ्यावी, कारण त्या वेळीं पक्षी खुराड्यांत असतात. एकदां बाहेर सुटले कीं धरतां धरतां अर्धें गांव धांवतें आणि पक्षीहि धापा टाकतात. पांच ते सात दिवसांच्या पिलांस लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत वा नाकपुडींत टाकतात. दोन महिन्यांच्या आसपासच्या पक्ष्यांस आर-टू-बी ही लस पंखाखालीं टोंचतात. टोंचणाराचें काम पशुधन पर्यवेक्षकाकडे द्यावें, आणि आजारी पक्ष्यांस लस द्यावी कीं नाहीं हेंहि त्यांसच ठरवूं द्यावें. त्याच्या आठवडाभर आधीं जंताचें औषध पाण्यांतून दिलेलें असेल तर लस अधिक चांगली लागते. अंड्यावरील कोंबड्या टोंचल्यावर कांहीं दिवस अंडीं कमी देतात, हें आधींच बायकांस सांगून ठेवावें. नाहीं तर पुढल्या वर्षीं कोणी दार उघडणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती विशेष आहे. सालदाराचें वर्ष आखाजीस बदलतें. जुना सालदार एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर बिऱ्हाड हलवितो, तेव्हां भांड्याकुंड्यांबरोबर डालग्यांत कोंबड्याहि जातात, आणि त्यांबरोबर रोग जाण्याचा संभव असतो. नव्या बिऱ्हाडाच्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या खुराड्यांत ठेवाव्या असें सालदारास मळ्याच्या मालकानेंच सांगितलें पाहिजे, आणि खुराड्याला लागणारें चार पत्रे व जाळी यांचा खर्चहि मालकानेंच दिला पाहिजे. सालदाराच्या कोंबड्या सुरक्षित राहिल्या तरच आपल्या राहतील.

आतां मांजराविषयीं. गेल्या कांहीं वर्षांत वर्तमानपत्रें वाचून पुष्कळांच्या मनांत भय बसलें आहे, आणि त्यास कारणहि घडलें आहे. नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रांत डिसेंबर २०२४ मध्यें तीन वाघ व एक बिबट्या मेले, आणि ते एच-५-एन-१ नें मेल्याचें पुढील महिन्यांत भोपाळहून कळलें. त्याच सुमारास शेजारच्या छिंदवाड्यास घरगुती मांजरांत हा विषाणु सांपडला. मांजराच्या जातीस बर्डफ्लू होतो हें मात्र नवें नाहीं. २००४ सालीं सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, कोंबडीचें कच्चें मांस खाऊन प्राणिसंग्रहालयांतील वाघ मेले. २००६ च्या फेब्रुवारींत, नवापुरास कोंबड्या मरत असतां, जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर एक मांजर याच रोगानें मेलेलें सांपडलें. अमेरिकेंत २०२४ सालीं हा रोग दुभत्या गाईंत शिरला, तेव्हां त्यांचें कच्चें दूध प्यालेलीं गोठ्यांतील मांजरें मेलीं. मेलेला वा आजारी पक्षी कच्चा खाणें, किंवा दूषित कच्चें दूध पिणें, हा रोग मांजराच्या पोटांत जाण्याचा मुख्य मार्ग दिसतो.

यावरून कांहीं गृहस्थ म्हणूं लागले आहेत कीं घरांतून मांजर घालवून द्यावें. हा उपाय रोगाहून वाईट होय. खळ्यावरचें धान्य घरांत येण्याची आणि उंदरांनीं घरांत शिरण्याची वेळ एकच. शेतें रिकामीं झालीं कीं त्यांचा मोर्चा कणग्यांकडे वळतो. मांजर नसेल तेथें झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या येतात, आणि त्या विषाच्या गोळीनें उंदराबरोबर परसांतील कोंबडीहि मरते. पोरांस धोका निराळाच. तेव्हां मांजर ठेवावें. पण त्यास कोंबडीचीं आंतडीं, मेलेलीं पिलें, फुटक्या अंड्यांचा बलक हें कच्चें घालण्याची जी चाल आहे ती साफ बंद करावी. द्यावयाचेंच तर शिजवून द्यावें. माणसांनाहि तोच नियम: पूर्ण शिजलेल्या मांसांत व उकडलेल्या अंड्यांत हा विषाणु जिवंत राहत नाहीं. पक्षी अकस्मात् मेले तर प्रथम मांजर कोंडावें, मग खबर द्यावी; मेलेल्या पक्ष्यास उघडा हात लावूं नये. हतनूरसारख्या जलाशयाच्या कांठच्या गांवांनीं हिंवाळ्याच्या अखेरीस अधिक सावध राहावें, कारण तेथें दूरदेशींचे पाणपक्षी उतरतात आणि एखादा मेलेला पक्षी मांजर ओढून घरीं आणतें.

मांजर पिलें खातें ही तक्रार खरी आहे, पण तिचा बंदोबस्त जुनाच आहे. कोंबड्यांतच वाढलेलें मांजर मोठ्या कोंबडीच्या वाटेस सहसा जात नाहीं. त्याचा डोळा असतो पिलांवर. पिलें महिना-सव्वा महिन्याचीं होईपर्यंत डालग्याखालीं ठेवावीं आणि खुराडें जमिनीपासून हात-दीड हात उंच करून त्यास सायंकाळीं कडी घालावी. खुडूक कोंबडीखालीं अंडीं बसवावयाचीं असल्यास फाल्गुनांतच बसवावीं. अंडें एकवीस दिवसांनीं फुटतें, आणि चैत्राच्या अखेरीस आपल्याकडे पारा चाळिसांवर चढूं लागला कीं अंडीं नासतात. बसविण्याचीं अंडीं तीनचार दिवसांहून शिळीं नसावीं. भुसावळ-जळगांवच्या वैशाखांत तर मोठा पक्षीहि उष्म्यानें मरतो. शेवग्याच्या वा लिंबाच्या सांवलींत मातीच्या पसरट भांड्यांत दिवसांतून दोनदां गार पाणी ठेवणें, ओलें पोतें बांधणें, एवढ्यानेंहि पुष्कळ काम होतें.

परसबागेसंबंधीं थोडेंच सांगावयाचें आहे. कोंबडी व वाफा यांचें वैर आहे असें बायका म्हणतात, तें पेरणीनंतर. पेरणीपूर्वीं त्यांचें सख्यच असतें. जुनें वांगें वा मेथी उपटून झाल्यावर त्या वाफ्यांत आठ दिवस कोंबड्या सोडाव्या. त्या हुमणीच्या अळ्या, वाळवी व किड्यांचे कोश वेंचून काढतात. मग कुदळून बीं टाकावें आणि वर बाभळीच्या कांटेरी फांद्या पसराव्या, म्हणजे कोंबडी उकरीत नाहीं आणि मांजर मऊ मातींत बसत नाहीं. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्झोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म परजीवी मातींत जातो. गर्भवती स्त्रीच्या पोटांतील गर्भास त्यापासून अपाय होतो. घरांत कोणी गरोदर असेल तर वाफे खुरपण्याचें काम दुसऱ्यानें करावें, आणि मेथी-कोथिंबीर घरची म्हणून न धुतां खाऊं नये. खुराड्यांतील विष्ठा ताजी घातल्यास रोपें जळतात. ती शेणखताबरोबर दोनतीन महिने कुजवूनच घालावी. मांजर चावलें वा ओरबाडलें तर जखम साबणानें धुवून दवाखान्यांत जावें. हळद भरून बसूं नये.

आतां कामाची गोष्ट. लशीची मागणी दवाखान्याकडे आधीं नोंदवावी लागते, तेव्हां शाखेच्या चिटणिसांनीं माघ संपण्यापूर्वीं गल्लीवार यादी करावी: घर, मोठे पक्षी, पिलें, बसविलेलीं अंडीं. सालदारांचीं घरें वेगळ्या रकान्यांत घ्यावीं, वगळूं नयेत. शीतकपाट कोणाकडे आहे व बर्फाची पेटी कोण देणार हें त्याच यादींत लिहावें. आणि ही माहिती घरच्या धन्यास विचारूं नये. त्यास कोंबड्या किती असें विचारलें तर तो आंत वळून घरधनिणीलाच हांक मारतो.